लोह, प्राणवायू आणि स्नायू : भिलाईच्या झोतभट्टीपासून मायोग्लोबिनपर्यंत

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नाव स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना प्रामुख्याने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या संदर्भात परिचित असते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याविषयी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेच्या रुळांचा पुरवठा करणारा कारखाना म्हणून पुढे भिलाईची ख्याती देशभर पसरली.

याच भिलाईत १२ जून २०१४ रोजी एक दुर्घटना घडली. झोतभट्टीतून बाहेर पडणारा वायू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन स्वच्छ केला जातो. त्या दिवशी कारखान्यातील एका पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला आणि जो वायू पाण्याने अडून राहायचा, तोच पाण्याच्या वाहिनीतून उलट्या दिशेने पंपगृहात शिरला. या वायूतील कार्बन मोनॉक्साइडमुळे सहा जणांचा मृत्यू झाला; त्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांचाही समावेश होता. तीसहून अधिक व्यक्ती बाधित झाल्या. तेथे आग लागली नव्हती की स्फोट झाला नव्हता. ज्याला रंग नाही व गंध नाही, अशा वायूने हे मृत्यू ओढवले.

हा वायू शरीरात नेमके काय करतो, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर ‘तो रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावतो’ असे आहे. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. रक्तापलीकडे, स्नायूंच्या पेशींत, प्राणवायू धरून ठेवणारे आणखी एक लोहयुक्त प्रथिन असते. त्याचे नाव मायोग्लोबिन. प्रस्तुत लेखात या प्रथिनाची रचना व कार्य आणि कामगार-सुरक्षा, पोषण व सार्वजनिक आरोग्य यांच्याशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार केला आहे.

भट्टीतील लोह आणि शरीरातील लोह

बालोद जिल्ह्यातील दल्ली-राजहरा येथील खाणींनी भिलाईला दीर्घकाळ लोहखनिज पुरविले. हेमॅटाइट या खनिजात लोह व प्राणवायू एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. झोतभट्टीत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो खनिजातील प्राणवायू स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बनतो व लोह मोकळे होते. या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. उलट, मोकळे लोखंड दमट हवेत ठेवले की ते पुन्हा प्राणवायूशी बांधले जाते. त्यालाच आपण गंज म्हणतो. तात्पर्य, लोह व प्राणवायू एकदा एकत्र आले की सहजासहजी विलग होत नाहीत. त्यांना वेगळे करण्यासाठी भिलाईसारखी प्रचंड भट्टी उभारावी लागते.

शरीराची गरज मात्र वेगळी आहे. तेथे लोहाने प्राणवायू धरावयाचा आहे आणि मागणी येताच तो सोडावयाचाही आहे. तेही ३७ अंश सेल्सिअस तापमानात, पाण्याच्या सान्निध्यात आणि गंज न चढू देता. हे ज्या रचनेमुळे शक्य होते ती समजली म्हणजे मायोग्लोबिन समजले, असे म्हणता येईल.

प्रौढ मानवी शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्याचा मोठा हिस्सा, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश, रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असतो. स्नायूंतील मायोग्लोबिनच्या वाट्याला अंदाजे ३०० मिलिग्रॅम येते. उरलेले लोह यकृतादी अवयवांतील साठ्यात आणि विविध विकरांत विभागलेले असते.

मायोग्लोबिनची रचना

मायोग्लोबिन हे आकाराने लहान प्रथिन आहे. त्याचा रेणुभार सुमारे १७,००० असून सुमारे १५३ ॲमिनो आम्लांच्या एकाच साखळीने ते बनलेले असते. ही साखळी आठ ठिकाणी सर्पिलाकार वळण घेते आणि स्वतःभोवती गुंडाळली जाऊन गोलसर आकार धारण करते. मध्यभागी एक खोलगट जागा राहते. तीत हीम नावाचा चपटा रेणू बसतो आणि हीमच्या केंद्रस्थानी लोहाचा एक अणू असतो.

लोहाच्या या अणूला सहा बंध जोडता येतात. त्यांपैकी चार हीममधील नायट्रोजन अणूंशी व पाचवा प्रथिनातील हिस्टिडीन या ॲमिनो आम्लाशी जोडलेला असतो. सहावी जागा प्राणवायूसाठी मोकळी असते. या जागेच्या समोर दुसरे एक हिस्टिडीन असते. ते आलेल्या प्राणवायूला हायड्रोजन बंधाने आधार देते.

येथे प्रथिनाच्या वेष्टनाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. हीम नुसते पाण्यात विरघळवले, तर दोन हीम रेणू प्राणवायूच्या दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि लोह फेरस अवस्थेतून फेरिक अवस्थेत जाते. फेरिक लोह प्राणवायू धरू शकत नाही. प्रथिनाची घडी प्रत्येक हीमला स्वतंत्र कप्प्यात ठेवते व ही झीज मोठ्या प्रमाणात रोखते. लोह प्राणवायू धरते ते या कप्प्यामुळेच पुन्हा सोडूही शकते.

विज्ञानाच्या इतिहासातही मायोग्लोबिनला मानाचे स्थान आहे. ज्या प्रथिनाची त्रिमितीय रचना सर्वप्रथम उलगडली ते हेच. केंब्रिज येथे जॉन केंड्रू यांनी स्पर्म जातीच्या देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिनचे स्फटिक घेतले आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५८ मध्ये त्याचा स्थूल आराखडा व १९६० मध्ये सूक्ष्म तपशील मांडला. हिमोग्लोबिनवर काम करणारे मॅक्स पेरूट्झ यांच्यासमवेत त्यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रथिनाच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते याचे नियम सांगणारा आलेख जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास येथून प्रसिद्ध केला. आजही प्रथिनांच्या नव्या रचना पारखताना रामचंद्रन आलेखाचा आधार घेतला जातो.

हिमोग्लोबिन वाहक, मायोग्लोबिन साठवणदार

परीक्षेच्या दृष्टीने या दोन प्रथिनांतील भेद महत्त्वपूर्ण आहे. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या व चार हीम असतात. एका हीमने प्राणवायू घेतला की उरलेल्यांची ओढ वाढते. परिणामी, प्राणवायूचा दाब व संपृक्तता यांचा आलेख प्रारंभी मंद, मध्ये चढता व शेवटी सपाट, असा नागमोडी येतो. मायोग्लोबिनमध्ये एकच हीम असल्यामुळे असे परस्परसहकार्य संभवत नाही. त्याचा आलेख आरंभीच झपाट्याने चढतो व नंतर सपाट होतो.

आकड्यांत पाहू. हिमोग्लोबिन निम्मे भरण्यास सुमारे २६ मिलिमीटर पारा इतका प्राणवायूचा दाब लागतो. मायोग्लोबिनला सुमारे ३ मिलिमीटर पुरतो. फुप्फुसात हा दाब १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तेथे दोन्ही प्रथिने जवळजवळ पूर्ण भरू शकतात. परंतु दाब २० मिलिमीटरवर उतरला की हिमोग्लोबिनजवळ जेमतेम एक तृतीयांश प्राणवायू उरतो, तर मायोग्लोबिन ८५ टक्क्यांहून अधिक भरलेले राहते. म्हणजे रक्त जेथे प्राणवायू सोडते तेथेच मायोग्लोबिन तो उचलते. स्नायू जोराने काम करू लागला आणि पेशीतील दाब अगदी खाली आला की मग मायोग्लोबिन आपला साठा तंतुकणिकांच्या स्वाधीन करते.

मनुष्यात हा साठा फार मोठा नसतो. जोरदार श्रमात तो काही सेकंदच पुरतो. तथापि हृदयाच्या बाबतीत हे सेकंद मोलाचे ठरतात. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात व रक्तपुरवठा घटतो. ती उणीव मायोग्लोबिन भरून काढते. पेशीच्या आत प्राणवायूचे वहन सुलभ करणे आणि नायट्रिक ऑक्साइड या रेणूचे प्रमाण मर्यादित राखणे ही कार्येही ते करते. १९९८ मध्ये मायोग्लोबिनविरहित उंदीर प्रयोगशाळेत निर्माण करण्यात आले. ते जगले, ही बाब अनेकांना अनपेक्षित होती. पुढील अभ्यासात असे दिसले की, त्यांच्या हृदयाने केशवाहिन्यांचे जाळे दाट करून व रक्तप्रवाह वाढवून ही उणीव भरून काढली होती.

ताटातील आणि सागरातील उदाहरणे

मायोग्लोबिनचा रंग तांबूस असल्याने त्याचे अस्तित्व डोळ्यांनाही दिसते. कोंबडी दिवसभर चालते, पण फारशी उडत नाही. म्हणून तिच्या तंगडीचे मांस गडद आणि छातीचे फिकट असते. बांगडा चिरला की कातडीखाली बाजूने गेलेला काळपट तांबूस पट्टा दिसतो. सतत पोहण्याचे काम करणारे स्नायू तेथे असतात. मटणातून सुटणाऱ्या लालसर पाण्याला सर्वसाधारणपणे रक्त समजले जाते. वस्तुतः त्याचा रंग मुख्यत्वे मायोग्लोबिनचा असतो. मांस शिजले की ते तपकिरी होते, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते व लोह फेरिक अवस्थेत जाते.

तासाभराहून अधिक काळ श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्या स्पर्म देवमाशाच्या स्नायूंत मायोग्लोबिनचे प्रमाण मनुष्याच्या तुलनेत दहापटीच्या घरात असते. केंड्रू यांना त्याचेच स्फटिक सोयीचे वाटले यात नवल नाही. इतके दाट प्रथिन एकमेकांना चिकटून गोठत कसे नाही, याचे उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युत्भार अधिक असतो; त्यामुळे रेणू एकमेकांना दूर लोटतात.

वायू जेव्हा जागा अडवतो

आता पुन्हा भिलाईकडे वळू. हीममधील लोहाची जी सहावी जागा प्राणवायूसाठी असते, तीच कार्बन मोनॉक्साइडही घेऊ शकतो. प्रथिनाविना मोकळ्या हीमची या वायूविषयीची ओढ प्राणवायूपेक्षा २०,००० पटींहून अधिक असते. मायोग्लोबिनच्या कप्प्यातील दुसरे हिस्टिडीन प्राणवायूला आधार देते व त्यामुळे ही तफावत सुमारे ४० पटींपर्यंत खाली येते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत ती २०० ते २५० पट राहते. निसर्गाने दिलेले हे संरक्षण शरीरात स्वाभाविकपणे तयार होणाऱ्या अत्यल्प कार्बन मोनॉक्साइडपुरते पुरेसे आहे. कारखान्यातील गळतीपुढे ते टिकत नाही.

साधे गणित करून पाहावे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. त्यात ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड मिसळला आणि ओढ २१० पट धरली, तर दोहोंचे पारडे समसमान होते. अशा हवेत पुरेसा वेळ राहिल्यास सुमारे निम्मे हिमोग्लोबिन या वायूने व्यापले जाते. झोतभट्टीतील वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सर्वसाधारणपणे २० टक्क्यांहून अधिक असते, हे लक्षात घेता काही श्वासही किती घातक ठरू शकतात याची कल्पना येईल.

हानी तिहेरी असते. पहिली, रक्ताची वहनक्षमता घटते. दुसरी, उरलेले हिमोग्लोबिन आपला प्राणवायू अधिक घट्ट धरते व तो ऊतींना सहज देत नाही. तिसरी, रक्तातील प्राणवायूचा दाब खाली गेला की कार्बन मोनॉक्साइड स्नायूंत उतरतो व मायोग्लोबिनची जागा अडवतो. यात हृदयाचे स्नायूही आले. अशा प्रकारे वाहक आणि साठवणदार दोन्ही एकाच वेळी निकामी होतात. जो वायू भट्टीत लोहापासून प्राणवायू हिरावून घेतो, तोच शरीरात लोहाजवळची प्राणवायूची जागा बळकावतो.

उपचार याच तत्त्वावर आधारलेला आहे. बाधिताला मोकळ्या हवेत आणून शक्य तितक्या लवकर शुद्ध प्राणवायू देतात. साध्या हवेत हिमोग्लोबिनवरील कार्बन मोनॉक्साइड निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा अवधी दीड तासाच्या आत येतो. बोटाला लावण्याचा साधा ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो, कारण कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूयुक्तच भासते. आकडा समाधानकारक दिसला तरी रुग्ण गंभीर असू शकतो.

कायद्याने ही जोखीम पूर्वीच ओळखली होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये घातक वायू असू शकणाऱ्या बंदिस्त जागेत प्रवेशाविषयी निर्बंध होते. जागा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी प्रमाणपत्र द्यावे किंवा प्रवेश करणाऱ्याने श्वसनयंत्र व सुरक्षा-पट्टा वापरावा, अशी ही तरतूद होती. आता हा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कक्षेत येतो. वायुमापक नसताना, केवळ सहकारी कोसळलेला दिसला म्हणून आत धावणे ही माणुसकीची परंतु प्राणघातक चूक ठरते. हाच धोका बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीत व खेळती हवा नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गीझरमध्येही संभवतो.

स्नायू फुटतात तेव्हा

मायोग्लोबिन पेशीच्या आत आहे तोपर्यंत उपकारक असते. बाहेर पडले की अपायकारक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली अडकलेल्या काही व्यक्ती सुखरूप बाहेर काढल्यानंतर काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावल्या. बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन रक्तावाटे मूत्रपिंडात जाते व तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते. भूकंपग्रस्तांच्या उपचारात सलाइन लवकर सुरू करण्यावर भर दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

उष्माघात आणि सवय नसताना केलेले अतिश्रम यांमुळेही स्नायूंचे असे विघटन होते. भट्टीजवळ काम करणारा कामगार, वैशाखातील उन्हात राबणारा शेतमजूर आणि भरतीच्या मैदानी चाचणीसाठी अल्पावधीत जोरदार सराव सुरू करणारा उमेदवार, या तिघांनाही हा धोका आहे. तीव्र स्नायुदुखी, कमालीचा अशक्तपणा आणि चहाच्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसताच सराव थांबवून विनाविलंब रुग्णालय गाठावे. सराव टप्प्याटप्प्याने वाढविणे व पुरेसे पाणी पिणे हा यावरील सोपा प्रतिबंध होय.

लोहाची उणीव आणि लोकआरोग्य

ज्या भूमीत लोहखनिजाचे डोंगर आहेत, तेथील माणसांच्या रक्तात लोह कमी आहे, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) छत्तीसगडमध्ये १५ ते ४९ वयोगटातील ६०.८ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के व देशात ५७ टक्के होते. सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नसला तरी लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

रक्तक्षयाचे मापन हिमोग्लोबिनवरून होते. त्यामुळे स्नायूंकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. लोहाचा तुटवडा दीर्घकाळ राहिल्यास मायोग्लोबिन व तंतुकणिकांतील लोहयुक्त प्रथिनेही घटतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. लवकर थकवा येणे व श्रमशक्ती कमी होणे यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच रक्तक्षय हा आरोग्याइतकाच उत्पादकतेचाही प्रश्न ठरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत अभियानात लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या, जंतनाशन, तपासणी व वर्तनबदल यांवर भर देण्यात आला.

छत्तीसगड व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचाही विचार आवश्यक आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. देवमाशात विद्युत्भारामुळे रेणू दूर राहतात. येथे विद्युत्भार असलेले एक आम्ल नाहीसे झाल्याने ते एकत्र गोळा होतात. मायोग्लोबिनचे जनुक वेगळे असल्याने ते या दोषापासून मुक्त असते. मात्र वाहकच अडखळल्यावर साठवणदाराकडे प्राणवायू पोहोचावा कसा? या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. त्यासाठी २०४७ चे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे.

समारोप

पोलाद हे राष्ट्राच्या औद्योगिक बळाचे गमक मानले जाते. परंतु ते पोलाद घडविणाऱ्या हातांचे बळ काही मिलिग्रॅम लोहावर आणि त्याला जपणाऱ्या प्रथिनाच्या घडीवर अवलंबून असते. भट्टीतील लोहाचा हिशोब टनांत होतो, शरीरातील लोहाचा मिलिग्रॅममध्ये. पण विकासाच्या ताळेबंदात दोन्हींची नोंद असावयास हवी. पंपगृहातील वायुमापक, रुग्णालयातील प्राणवायू आणि अंगणवाडीतील लोहाची गोळी या तीन वेगळ्या खात्यांच्या बाबी वाटल्या तरी त्यांचा रोख एकाच अणूकडे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. हिमोग्लोबिन व मायोग्लोबिन यांच्या संपृक्तता-आलेखांतील भेद त्यांच्या रचनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. मोकळे हीम प्राणवायूचे वहन का करू शकत नाही?
३. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत साधा ऑक्सिमीटर विश्वासार्ह का नसतो?
४. ‘रक्तक्षय हा आरोग्याइतकाच उत्पादकतेचा प्रश्न आहे.’ छत्तीसगड व महाराष्ट्राच्या संदर्भात चर्चा करा.
५. बंदिस्त जागेतील वायुगळतीच्या प्रसंगी बचावकार्य करताना कोणती दक्षता घ्यावी, ते २०० शब्दांत लिहा.